आपला सर्व्हर आपण चालवायचा म्हणजे खर्च किती आणि जागा किती?



गेल्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एका मॅडमनी मला गाठलं. म्हणाल्या, "फेसबुकच्या भानगडीत न पडता शिक्षकांची स्वतःचीच सोशल मीडिया साइट काढता येते म्हणे, आणि तीही फुकटात! तुम्ही लोक चालवता ना?" मी म्हटलं, चालवतो, पण फुकटात नाही. पुढचं सांगेपर्यंत साहेबांनी हाक मारली. तो विषय अर्ध्या कप चहात संपणाराही नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

मी चिखली तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका. कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. त्यामुळे हे एका वापरणाऱ्या, वर्गणी भरणाऱ्या आणि एकदा चांगल्याच तोंडघशी पडलेल्या बाईचं लिखाण आहे असं समजून वाचा. हिशेब मात्र खरे आहेत.

आधी हे कशाला केलं ते सांगते. आपण शिक्षक रोज फोटो काढतो. परसबाग, प्रभातफेरी, वाचन तास, शैक्षणिक साहित्य, सगळ्याचे फोटो. ते ठेवतो कुठे? १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजमध्ये हवे तेवढे ठेवता येत होते. त्या दिवसापासून ते १५ जीबीच्या हिशेबात मोजायला लागले, आणि आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर 'स्टोरेज फुल' ही पाटी लागली. त्याआधी ऑर्कुट होतं, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. माझ्या डी.एड.च्या मैत्रिणींच्या आठवणी त्याच्यासोबतच गेल्या. आणि 'कू' आठवतं ना? मराठीत लिहिता येणारं भारतीय ॲप म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथे खातं काढलं होतं. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. बंद करताना संस्थापकांनी जी कारणं दिली त्यात एक कारण सरळ होतं: असं ॲप चालू ठेवण्याचा तांत्रिक खर्च फार मोठा असतो. कंपनीला जो खर्च झेपला नाही तो चार शिक्षकांना कसा झेपणार, हा प्रश्न आम्हाला तेव्हाच पडायला हवा होता. पण आम्ही सुरुवात केली २०२३ च्या दिवाळीत, 'कू' बंद पडायच्या आधी. तेव्हा उत्साह होता, हिशेब नव्हता.

विकेंद्रित म्हणजे काय?

ईमेल डोळ्यांपुढे आणा. तुमचं खातं जीमेलवर असेल, माझं याहूवर, कोणाचं कार्यालयाच्या सर्व्हरवर. तरी पत्र एकमेकांना पोचतं, कारण सगळ्यांनी पत्र पाठवायची एकच पद्धत मान्य केलेली आहे. विकेंद्रित सोशल मीडिया असाच चालतो. एक मोठी कंपनी नसते. हजारो छोटे-मोठे सर्व्हर असतात, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि ते आपसात बोलतात. त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीला 'ॲक्टिव्हिटीपब' म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. या पद्धतीवर चालणारं सगळ्यात माहितीचं सॉफ्टवेअर म्हणजे मॅस्टोडॉन. जर्मनीतल्या युजेन रोख्को या तरुणाने ते २०१६ मध्ये आणलं. सॉफ्टवेअर मोफत आहे, कोणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर बसवावं. 'फुकटात' हा जो शब्द मॅडमच्या कानावर आला होता तो इथून आला. सॉफ्टवेअर फुकट आहे. ते ज्यावर चालतं ते यंत्र, ती जागा, ती वीज, तो माणूस, यातलं काहीच फुकट नाही.

भारतात हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि निषेध म्हणून अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. दुसरी मोठी लाट जगभर आली. २७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं, आणि मॅस्टोडॉन महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. बातमीत हे वाचायला छान वाटतं. पण विचार करा, २५ लाखांचा हा भार घेतला कोणी? बऱ्याच ठिकाणी तो घेतला एखाद्या हौशी माणसाने, स्वतःच्या खिशातून, रात्री नोकरीवरून घरी आल्यावर.

जपानमध्ये हे आधीच होऊन गेलं होतं. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याने घरातल्या सर्व्हरवर मॅस्टोडॉन बसवलं आणि काही दिवसांत ते जगातल्या सगळ्यात मोठ्या सर्व्हरांपैकी एक झालं. घरातलं यंत्र पुरेना म्हणून ते हलवावं लागलं. आपल्या शाळेत पटसंख्या ४० आहे म्हणून दोन खोल्या बांधल्या आणि सोमवारी सकाळी फाटकात चार हजार मुलं उभी, तसं झालं ते.

अक्षराला जागा किती, फोटोला किती?

हा भाग पाचवीच्या वर्गात गणिताला जोडून घेता येतो. मी घेतला आहे, मुलांना फार आवडतो.

कॉम्प्युटर जागा बाइटमध्ये मोजतो. इंग्रजीतलं एक अक्षर एक बाइट घेतं. आपलं देवनागरी अक्षर मात्र नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळे मोजले जातात. 'शाळा' लिहिलं की श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं झाली, म्हणजे १२ बाइट. इंग्रजीत 'स्कूल' लिहायला सहा अक्षरं लागतात, सहा बाइट. मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, मराठी जड आहे!" जड आहे खरी, पण घाबरण्यासारखी नाही. मॅस्टोडॉनवर एका पोस्टला साधारणपणे ५०० अक्षरांची मर्यादा असते. ५०० गुणिले ३ म्हणजे १५०० बाइट, दीड केबी. अशा एक लाख पोस्ट झाल्या तरी १५० एमबी. मोबाइलवर चांगल्या दर्जात काढलेल्या मिनिटभराच्या व्हिडिओएवढंच झालं हे! डेटाबेसमध्ये सोबत इतर नोंदी असतात त्यामुळे प्रत्यक्षात आकडा वाढतो, पण तरीही लिहिलेल्या शब्दाला जागा फारच कमी लागते.

जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. सर्व्हर फोटो लहान करून घेतो, तरी एक फोटो सरासरी ३०० केबी धरा. म्हणजे एक फोटो मराठीतल्या २०० पूर्ण लांबीच्या पोस्टएवढा. व्हिडिओ तर एकेक ९९ एमबीपर्यंत चढवता येतो. प्रभातफेरीचा एक व्हिडिओ म्हणजे सव्वातीनशे फोटो.

इथपर्यंतचा हिशेब आम्ही सुरुवातीलाच केला होता. आम्ही ३८ जण. रोज प्रत्येकी दोन फोटो धरले तर ७६ फोटो, साधारण २३ एमबी. महिन्याला ७०० एमबीच्या आत. आम्ही घेतलेल्या सर्व्हरवर ४० जीबी जागा होती. आमचे एक सर, ज्यांनी हे सगळं बसवलं, ते म्हणाले, "तीन-चार वर्षं बघायला नको." आम्ही टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या महिन्यात डिस्क भरली.

२६ जानेवारीची गोष्ट

प्रजासत्ताक दिन झाला. झेंडावंदन, कवायत, बक्षीस वितरण, स्नेहसंमेलन. दुपारपासून सगळ्या शाळांचे फोटो यायला लागले. संध्याकाळी सहाच्या सुमारास साइट उघडेना. पांढऱ्या पानावर नुसता एरर. सगळ्यांचा समज एकच, आज फोटो जास्त झाले. एका शाळेने नृत्याचे आठ व्हिडिओ टाकले होते, तर त्या बिचाऱ्या मॅडमवर सगळे घसरले. त्यांनी ग्रुपवर माफीसुद्धा मागून टाकली.

रात्री सरांचा पुण्यात नोकरीला असलेला भाचा फोनवर आला. त्याने कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली ते बघायला सांगितलं. मॅस्टोडॉनमध्ये आपल्या लोकांनी चढवलेले फोटो एका फोल्डरमध्ये असतात, आणि 'कॅश' नावाचं फोल्डर वेगळं असतं. आमच्या ३८ जणांचं तीन महिन्यांचं सगळं मिळून, ते आठ नृत्यांचे व्हिडिओ धरून, तीन जीबीसुद्धा भरलं नव्हतं. कॅशमध्ये होते २४ जीबी. बाकी जागा सिस्टीम, डेटाबेस आणि नोंदींच्या फायलींची.

म्हणजे आमची जागा आमच्या फोटोंनी भरलीच नव्हती. ती दुसऱ्यांच्या फोटोंनी भरली होती! त्या मॅडमची आम्ही सगळ्यांनी नंतर क्षमा मागितली, पण त्या दिवशी त्यांना जे ऐकावं लागलं ते लागलंच.

आता हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्या खर्चाचं मूळ इथे आहे. मी माझ्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या कोणाला फॉलो केलं, समजा पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्या एखाद्या माणसाला, तर त्याची प्रत्येक नवी पोस्ट माझ्या सर्व्हरकडे येते. सोबतचा फोटो माझा सर्व्हर तिकडून आणतो आणि स्वतःकडे एक प्रत ठेवतो. त्या माणसाचं प्रोफाइल चित्रही ठेवतो. मी तो फोटो पाहिला काय, नाही पाहिला काय, प्रत येऊन बसलेली असते. फेसबुकवर आपण किती जणांना फॉलो करतो याचा भार आपल्याला कळत नाही, कारण तो कंपनी उचलते. स्वतःच्या सर्व्हरवर बिल येतं ते आपण किती लिहितो यापेक्षा आपण किती जणांचं वाचतो यावर.

उदाहरण करू. ५० शिक्षक आहेत. प्रत्येकाने बाहेरचे वेगवेगळे १०० जण फॉलो केले. म्हणजे ५००० बाहेरची खाती. प्रत्येकाने दिवसाला दोन फोटो टाकले, प्रत्येकी ३०० केबी. ५००० गुणिले २ गुणिले ०.३ एमबी बरोबर ३००० एमबी, म्हणजे रोज तीन जीबी. आणि आपल्या ५० शिक्षकांचे स्वतःचे? ३० एमबी. शंभरास एक हे प्रमाण आहे. ४० जीबीची डिस्क दोन आठवडेसुद्धा टिकणार नाही.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. एकाच खात्याला आपल्या सर्व्हरवरच्या वीस जणांनी फॉलो केलं तरी प्रत एकच ठेवली जाते. म्हणून सारख्या आवडीची माणसं एका सर्व्हरवर असली की जागा वाचते. आणि उलट, एकट्या माणसाने स्वतःपुरता सर्व्हर काढला तर त्याला सगळ्याचा भार एकट्याला. पूर्ण जाळ्याचा विचार केला तर एका प्रसिद्ध माणसाचा एकच फोटो हजारो सर्व्हरांवर हजारो वेळा साठवलेला असतो. विकेंद्रीकरणाची ही किंमत आहे, आणि ती कोणी सुरुवातीला सांगत नाही.

आमच्या बाबतीत आणखी एक चूक झाली होती. नवीन सर्व्हर सुरू केला की तो ओसाड दिसतो. ३८ माणसं, त्यातली दहा लिहिणारी. मग सरांनी एक 'रिले' जोडला. रिले म्हणजे असं समजा की अनेक सर्व्हरांच्या सगळ्या जाहीर पोस्ट एका पाटात सोडलेल्या आहेत आणि तो पाट आपण आपल्या वावरात वळवून घेतला. दुसऱ्या दिवशी पडदा भरभरून वाहायला लागला. परदेशातली मांजरं, बर्फ, कोणाच्या जेवणाची ताटं. आम्ही खूश! कोणी ते वाचत नव्हतं, पण 'आपली साइट जिवंत वाटते' असं मीच म्हटलेलं मला आठवतं. त्या मांजरांनी आमचा प्रजासत्ताक दिन बंद पाडला.

गाळ काढणे आणि अभिलेख वर्गीकरण

त्या रात्री भाच्याने आधी जुन्या नोंदींच्या फायली उडवून थोडी जागा केली, कारण डिस्क पूर्ण भरली की डेटाबेस उठतच नाही. मग मॅस्टोडॉनसोबत येणारी एक आज्ञा चालवली, जी बाहेरून आणलेल्या जुन्या फोटोंच्या प्रती पुसते. काही न सांगता ती सात दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसते. वीस जीबीच्या आसपास जागा मोकळी झाली. पुसलेला फोटो कायमचा जात नाही, मूळ सर्व्हर चालू असेल तर कोणी ती पोस्ट उघडल्यावर तो पुन्हा आणला जातो. हीच गोष्ट आपोआप व्हावी म्हणून व्यवस्थापकाच्या पानावर दिवसांचा आकडा भरायची एक चौकट असते. आमच्याकडे ती तीन महिने रिकामी होती.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाळ काढणं म्हणजे काय हे शिकवायला नको. तलाव तोच, पाळ तीच, पण तळाशी गाळ साचला की पाणी मावत नाही. आपल्याकडे तलावांतली माती काढून महामार्गाच्या कामाला वापरली गेली आणि तलाव खोल झाले, त्याला 'बुलढाणा पॅटर्न' असं नावच पडलं. सर्व्हरचंही तसंच. भरला म्हणून मोठा तलाव बांधायच्या आधी गाळ काढून पाहा. सगळेच आधी मोठी डिस्क घ्यायला धावतात. आम्हीही त्या रात्री दुप्पट पैशांची योजना घ्यायला निघालो होतो.

काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे ठरवायला मला आपल्या कार्यालयातलं अभिलेख वर्गीकरण उपयोगी पडलं. अ, ब, क, ड. जनरल रजिस्टर कायम जपायचं, वर्षाकाठी नष्ट करायचे कागद वेगळे. सर्व्हरवरही मी तशीच यादी केली. अ वर्गात आपल्या लोकांनी लिहिलेलं, आपल्या लोकांची खाती, आणि सर्व्हरच्या गुप्त किल्ल्यांची एक छोटी फाइल. ही फाइल काही केबींची असते, पण ती गेली तर बाकीचं नीट उभं राहत नाही. ड वर्गात बाहेरून आलेल्या प्रती. बॅकअप घेताना आम्ही फक्त अ वर्गाचा घेतो, त्यामुळे बॅकअपलाही जागा कमी लागते. तो त्याच सर्व्हरवर ठेवायचा नाही, हे सांगायला नको. पण सांगते, कारण आम्ही पहिले दोन महिने तिथेच ठेवत होतो!

वर्षाचा खर्च

आमचा हिशेब असा. सर्व्हर भाड्याने, महिना ५०० रुपये, वर्षाचे ६०००. साइटच्या नावाचे वर्षाला १०००. एकूण ७०००. ३८ जणांकडून प्रत्येकी २०० रुपये वर्गणी, म्हणजे ७६००. सहाशे रुपये शिल्लक. दुप्पट योजना घेतली असती तर १३०००, माणशी ३४२ रुपये. हे एका साडीच्या फॉल-बिडिंगच्या आसपास आहे, असं आमच्या एका मॅडम म्हणाल्या. खरं आहे. पण वर्गणी मागणं किती कठीण असतं हे ज्यांनी निरोप समारंभाची वर्गणी गोळा केली आहे त्यांना विचारा.

साइटच्या नावाबद्दल एक सूचना. मॅस्टोडॉनवर प्रत्येक खात्याची ओळख त्या नावाला बांधलेली असते. नूतनीकरण चुकलं आणि नाव दुसऱ्याने घेतलं, तर डिस्क शाबूत असूनही सगळी ओळख गेली. सर्व्हर एक वेळ बदलता येतो, नाव बदलता येत नाही.

घरीच जुना कॉम्प्युटर लावून चालवू, असंही आमच्यात निघालं होतं. आपल्याकडचं भारनियमन, उन्हाळ्यातली उष्णता आणि वादळी पावसात जाणारं इंटरनेट बघता मी त्याला नाही म्हटलं. सर्व्हर थोडा वेळ बंद राहिला तर बाकीचे सर्व्हर पुन्हा पुन्हा पोस्ट पाठवायचा प्रयत्न करतात, पण आठवडाभर उत्तर आलं नाही तर पाठवणं थांबवतात. हलकं सॉफ्टवेअर हा मात्र चांगला पर्याय आहे. गोटूसोशल नावाचं एक आहे, ते एक जीबीपेक्षा कमी मेमरीत चालतं. आज नव्याने सुरू करायचं असतं तर मी तेच सुचवलं असतं.

आता जो खर्च बिलात दिसत नाही तो सांगते. वेळ. नवी आवृत्ती आली की बसवायची, खोटी खाती उडवायची, तक्रार आली की बघायची. भारतात २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार लोकांचा मजकूर जो आपल्या सर्व्हरवर ठेवतो तो 'मध्यस्थ', आणि त्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, निकाल ७ दिवसांत लावायचा (आधी ही मुदत १५ दिवसांची होती). कायद्यानुसार काढून टाकलेला मजकूर १८० दिवस जपून ठेवायचा. २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदीही १८० दिवस ठेवायच्या. म्हणजे पुसलेल्या गोष्टींनाही जागा लागते! आणि त्या रात्री आम्ही घाईत नेमक्या त्याच नोंदी उडवल्या होत्या, हे मला पुढे दोन महिन्यांनी वाचताना कळलं. आता त्या दाबून छोट्या करून बॅकअपसोबत ठेवतो.

ज्यांना हे झेपलं नाही त्यांची उदाहरणं कमी नाहीत. मॅस्टोडॉन.टेक्नॉलॉजी हा चांगला चाललेला सर्व्हर २०२२ च्या शेवटी बंद झाला, कारण चालवणाऱ्या एका माणसाच्या आयुष्यात त्यासाठी वेळ उरला नव्हता. बॉट्सइन.स्पेस हा सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये थांबला, तिथे खर्च आणि वेळ दोन्ही नडले. सर्व्हर बंद होताना आपल्याला दुसरीकडे जाता येतं, फॉलोअर सोबत नेता येतात, पण जुन्या पोस्ट नवीन घरी हलत नाहीत. म्हणून मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर सर्व्हर चालवणाऱ्याला काही वचनं द्यावी लागतात: रोज बॅकअप, अडचणीला धावून येईल अशा किमान आणखी एका माणसाकडे किल्ल्या, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. आम्हाला त्या यादीत जायचं नव्हतं, तरी ही तीन कलमं आम्ही आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहून काढली.

पालकांसाठी खास

फेब्रुवारीत एक पालक शाळेत आले. त्यांच्या मुलीचा लेझीमचा फोटो आमच्या साइटवर होता. भांडायला आले नव्हते, शांतपणे म्हणाले, "मॅडम, तेवढा काढून टाका. आमच्या घरी आवडलं नाही." मी त्यांच्यासमोरच काढला. ते समाधानाने गेले. मी मात्र बसून राहिले, कारण वर जे प्रतींचं सांगितलं ते उलट्या दिशेनेही खरं आहे. आम्ही जसे दुसऱ्यांचे फोटो आमच्याकडे ठेवत होतो, तसेच आमचे फोटो दुसऱ्यांच्या सर्व्हरांवर जाऊन बसले होते. मी पुसलं की माझा सर्व्हर त्या सगळ्यांना 'हे पुसा' असा निरोप पाठवतो. चांगले सर्व्हर ऐकतात. एखादा बंद असेल, जुना असेल, मुद्दाम ऐकत नसेल, तर त्याच्या डिस्कवर ती मुलगी लेझीम खेळतच राहणार. तो सर्व्हर कोणत्या देशात आहे हेसुद्धा मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि हे सगळं सांगितलं. मराठी शाळेतल्या मॅडमनी सर्व्हर आणि प्रती असलं काही सांगावं याची त्यांना अपेक्षा नसावी. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही काढला, पण गेला नाही." मी हो म्हटलं. त्यावर मुलीच्या आईने चहा ठेवला. मला तो चहा फार जड गेला.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरताना पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं आहे. आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेला एक सर्वसाधारण फॉर्म होता. त्यात 'फोटो' हा शब्द होता. 'प्रत' हा शब्द नव्हता.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. मुलांचे चेहरे टाकणं पूर्ण बंद केलं. हात, वही, फळा, परसबागेतली मेथी चालते. रिले काढून टाकला. आणि सर्व्हर मर्यादित पद्धतीवर आणला, म्हणजे आम्ही ज्या मोजक्या सर्व्हरांना परवानगी दिली आहे त्यांच्याशीच तो बोलतो. यावर आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं होतं, मग उघड्या जगाशी जोडलेलं राहण्यात अर्थ काय उरला, व्हॉट्सॲप ग्रुपच बरा. त्यांचं चुकीचं नाही. सात जणांनी वर्गणी थांबवली. पण कॅशचं फोल्डर आता दोन जीबीच्या पुढे जात नाही, आणि एखादा पालक आला तर त्याचा फोटो कुठे कुठे गेला असेल याची यादी मी बोटांवर सांगू शकते.

वर्गासाठी कृती: पाचवीच्या मुलांना घरच्या मोबाइलमधली 'स्टोरेज'ची माहिती पालकांसोबत वाचायला सांगा. फोटोंना किती, ॲपना किती, आणि व्हॉट्सॲपला किती. मग व्हॉट्सॲपमधले किती फोटो आपण स्वतः काढले आणि किती दुसऱ्यांकडून आले ते मोजायचं आणि अपूर्णांकात लिहायचं. माझ्या वर्गात एका मुलाचं उत्तर आलं होतं, आठशे साठमधले बारा आपले, बाकी सगळे गुड मॉर्निंग.

नाव नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. ज्या सरांनी सर्व्हर बसवला त्यांची यंदा बदली झाली, आता ते घाटाखाली आहेत. जाताना त्यांनी पासवर्ड आणि त्या छोट्या फाइलची प्रत एका पाकिटात घालून माझ्याकडे दिली. दुसरं पाकीट कोणाकडे ठेवायचं, हे येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर ठरवणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी वर्गणी घेऊन यावं, ७०००ला ३१ने भागलं की २२६ रुपये होतात.